घुंगुरमाळ आणि फटफटी

वाहनांना मराठी माणसानें दिलेलीं नांवें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. रेल्वेला आपण आगगाडी म्हटलें, तें तिच्या पोटांतील आग पाहून. स्टीमरला आगबोट म्हटलें, तेंहि त्याच कारणानें. सायकल पायांनीं चालते म्हणून तिला कोणी पायगाडी म्हणत. मोटार-सायकलीला मात्र आपण फटफटी म्हटलें. तिचें चाक, तिचा वेग, तिचें तेल, यांपैकीं कशावरूनहि नांव पडलें नाहीं. तें पडलें तिच्या आवाजावरून. डोळ्यांना दिसण्यापूर्वींच जी कानांना कळली, तिचें बारसें कानांनींच करावें हें साहजिक होतें. उत्तरेकडेहि असेंच घडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या दिल्लीच्या कारागिरांनीं तीनचाकी करून उतारूंसाठीं चालविल्या, आणि चांदनी चौकाच्या बाजूस पुढें कित्येक वर्षें धांवणाऱ्या त्या गाड्यांनाहि लोक फटफटीच म्हणत.

हें नांव ठेवणारांच्या मनांत कौतुक होतें कीं कंटाळा होता, हें सांगणें कठीण आहे. बहुधा दोन्ही असावीं. कारण इतक्या वर्षांनंतरहि तीं दोन मतें जशींच्या तशीं उभीं आहेत. एकाला गाडीचा आवाज मोठा हवा असतो. कारखान्यानें बसविलेलें सायलेन्सर काढून, पदरचे पैसे खर्च करून, तो दुसरें बसवितो. दुसऱ्याला, आणि हा दुसराहि पुष्कळदां गाडी चालविणाराच असतो, त्या आवाजाचा मनापासून तिटकारा येतो. हें भांडण आजकालच्या पोरांनीं उकरून काढलें अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. तें इंजिनाहूनहि जुनें आहे, आणि त्याचें मूळ शोधण्यास मला फार दूर जावें लागत नाहीं; माझ्या गांवच्या गाडीवाटेवरच तें सांपडतें.

माझें गांव देवणी. लातूर जिल्ह्याच्या कडेला, कर्नाटकाच्या सीमेलगत तें वसलें आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामच्या हैदराबाद संस्थानांत होता. गांवाचें नांव दूरवर गेलें तें कोणा राजामुळें किंवा संतामुळें नव्हे, तर गाई-बैलांमुळें. देवणी जातीचीं जनावरें मराठवाडा, तेलंगण व कर्नाटक या तिन्ही प्रांतांत ओळखलीं जातात. त्यांत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. वानेऱ्याचें अंग पांढरें आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या बहुतेक सारा पांढरा. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग पसरलेले. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारांत अशी एखादी जोडी उभी राहिली म्हणजे माणसें भोंवतीं गोळा होतात.

अशा जोडीच्या मालकानें ती मुकाट्यानें रस्त्यानें न्यावी, हें शक्यच नव्हतें. बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा असत, घाट्या असत. पोळ्याच्या दिवशीं तर त्यांवर झुली, बाशिंगें, गोंडे यांचा साज चढे. पण घुंगुरमाळ ही सणापुरती नव्हे, वाटेवरची गोष्ट होती. तिचे उपयोग दोन. काळोख्या रात्रीं अरुंद गाडीवाटेवर समोरून गाडी येत आहे हें कळावें, हा पहिला. दुसरा उपयोग कोणी तोंडानें बोलून दाखवीत नसे, पण तोच मोठा होता. गाडी कोणाची येत आहे हें कळावें, हा तो उपयोग. प्रत्येक माळेचा नाद निराळा. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, आमची आजी चुलीपाशीं बसून, बाहेर न पाहतां, कोणत्या घरची गाडी शेतावरून परतली हें अचूक सांगे. माळ निवडतांना माझे वडील ती कानाशीं धरून हलवीत, खालीं ठेवीत, दुसरी उचलीत. पितळेचा भाव तर ते पाहतच, पण त्यांचा खरा शोध चालू असे तो नादाचा. आपली गाडी गांवानें आवाजावरून ओळखावी ही त्यांची हौस होती. आणि आज बुलेटचें सायलेन्सर निवडणाऱ्या पोराच्या हौसेंत व तींत मला जातीचा फरक दिसत नाहीं. हें प्रथमच कबूल केलेलें बरें. नाहीं तर आपल्या बापाचा नाद तो नाद आणि दुसऱ्याच्या पोराचा तो गोंगाट, असा न्याय होईल.

तरीपण एक गोष्ट मला आठवते. गल्लींत कोणी अंथरुणाला खिळलेलें असलें, किंवा बाळंतिणीची रात्र अवघड गेलेली असली, तर वेशीपाशीं गाडी थांबवून वडील माळा उतरवीत आणि गोणपाटांत गुंडाळून गाडींत ठेवीत. कोणी तसें सांगावें लागत नसे. त्यांना तें घर ठाऊक होतें, त्या घरांतलें माणूस ठाऊक होतें. या गोष्टीकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

रस्त्यावरचा आवाज नकोसा वाटणारा माणूसहि इंजिनाची वाट पाहत थांबला नव्हता. जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहॉअर यानें १८५१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आवाज व गोंगाट यांवर एक स्वतंत्र निबंध आहे. त्याचा राग कशावर होता? गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर. गल्लीबोळांतून जातांना गाडीवान हवेंत चाबूक वाजवितो, त्याचा घोड्याला कांहीं उपयोग नसतो, आणि विचार करणाऱ्या माणसाची तंद्री मात्र त्यानें तुटते, अशी त्याची तक्रार होती. निबंध वाचतांना त्याच्या तिरसट स्वभावाचें हसूं येतें, पण एक भेद त्यानें नेमका पकडला होता. काम करतांना होणारा आवाज तो सोसावयास तयार होता. कामाला नको असलेला, केवळ काढावयाचा म्हणून काढलेला आवाज त्याला असह्य होई.

यानंतर चौतीस वर्षांनीं, १८८५ मध्यें, त्याच जर्मनींत गॉटलीब डाइमलर व त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं लाकडी सांगाड्यावर एक लहानसें इंजिन बसवून पहिली मोटार-सायकल सिद्ध केली. तिची शक्ति अवघी अर्ध्या घोड्याची होती. आवाज मात्र ती जन्मतःच घेऊन आली. इंजिनाच्या नळकांड्यांत तेलाची वाफ आणि हवा यांचें मिश्रण पेटतें; त्यानें दट्ट्या ढकलला जातो; आणि काम उरकलें कीं झडप उघडून तापलेला धूर बाहेर सोडावा लागतो. झडप उघडते त्या क्षणीं आंतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. कोंडलेला वायु एकदम सुटला म्हणजे बाहेरच्या हवेला धक्का बसतो, आणि तो धक्का म्हणजेच फट्. अशा धक्क्यांची रांग लागली कीं फटफट.

हा धक्का एकदम बाहेर न सोडतां वाटेंत एखाद्या मोठ्या डब्यांत पसरूं द्यावा, भोंकें पाडलेल्या नळ्यांतून व आडपडद्यांतून फिरवून त्याचा जोर मोडावा, आणि मग हळूच बाहेर जाऊं द्यावा, एवढेंच सायलेन्सरचें तत्त्व आहे. अमेरिकेंतील मिल्टन रीव्ह्ज आणि त्याचा भाऊ यांनीं १८९७ मध्यें अशा उपकरणाचें पेटंट घेतलें. म्हणजे गाडी पुरती रांगूं लागते न लागते, तोंच तिच्या तोंडावर हात ठेवण्याची गरज लोकांना भासली होती. याच इतिहासांतील एक मौजेची गोष्ट अशी, कीं यांत्रिक तोफेचा जनक हायरम मॅक्सिम याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानें १९०९ मध्यें बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळविलें, आणि त्याच्या कंपनीनें पुढें इंजिनांचीं सायलेन्सरेंहि केलीं. बापानें कडकडाट वाढविला, मुलानें तो दाबण्याचा धंदा केला.

गाडी चालविणारे आणि तिच्या शेजारीं राहणारे यांचा पहिला मोठा खटका इंग्लंडांत उडाला. लंडनच्या नैर्ऋत्येस ब्रुकलंड्स येथें १९०७ मध्यें खास मोटारींच्या शर्यतींसाठीं रस्ता बांधण्यांत आला. त्याच जून महिन्यांत एज नांवाच्या गृहस्थानें तेथें सलग चोवीस तास मोटार हांकून विक्रम केला. विक्रम झाला, पण भोंवतालच्या लोकांची झोंप उडाली. त्यांनीं इतकी ओरड केली कीं तेथें रात्रीं गाड्या पळविण्यास बंदीच झाली. पुढें १९२९ मध्यें तेथें चोवीस तासांची शर्यत भरविली, ती दोन दिवस बारा-बारा तास अशी विभागून भरवावी लागली. रात्रीं गाड्या कुलुपांत. मध्यंतरीं, १९२४ च्या सुमारास, रहिवासी न्यायालयांतहि गेले, आणि शर्यतीच्या गाड्यांनाहि सायलेन्सर लावणें भाग पडलें. आज आपल्या गांवांतून जो वाद ऐकूं येतो, त्याचे सर्व पक्ष शंभर वर्षांपूर्वीं त्या एका रस्त्याच्या कडेला उभे होते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे मोठ्या आवाजाचा जो पंथ आहे, त्याचें दैवत बुलेट. या गाडीचें घराणेंच मुळीं बारूदखान्याचें. इंग्लंडांतील रेडिच गांवच्या ज्या कारखान्यानें ती काढली, तो एन्फील्डच्या सरकारी बंदूक-कारखान्यास सुटे भाग पुरवी. त्यावरून त्याच्या मालाचें नांव रॉयल एन्फील्ड पडलें, आणि त्याच्या चिन्हांत तोफ आली. १९३२ मध्यें एका गाडीला त्यानें बुलेट, म्हणजे बंदुकीची गोळी, हें नांव दिलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरील गस्तीसाठीं ही गाडी पसंत पडली, आणि १९५५ मध्यें मद्रास मोटर्स या कंपनीच्या भागीदारींत मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें तिचा कारखाना निघाला. १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ कंपनी बंद पडली. मद्रासची शाखा मात्र वाढत राहिली.

यांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें, कीं लोकांच्या मनांत बुलेट आधीं शिरली ती शिपाई आणि अंमलदार यांची गाडी म्हणून. ती फाटकाशीं वाजली म्हणजे घरांतलीं माणसें उठून उभीं राहत. पुढें ती सधन शेतकऱ्याकडे व पुढाऱ्याकडे आली, तेव्हां आवाजाबरोबर तो दराराहि आला. शिक्षकाकडे व दूधवाल्याकडे आली ती राजदूत. म्हैसूरच्या कारखान्याची जावा आणि पुढें येझ्दी ही कॉलेजांतल्या तरुणाची. खेड्यांतलें लहान मूलहि डोळे मिटून या गाड्या सांगत असे, आमची आजी घुंगुरमाळा सांगे तसेंच.

हा ओळखीचा भाग कसा घडतो तें थोडें गणितानें पाहूं. बुलेटचें इंजिन एका नळकांड्याचें व चार टप्प्यांचें असतें. त्यांत दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. गाडी उभी असतांना इंजिनाचे फेरे मिनिटाला हजार धरले, तर स्फोट पांचशें होतील, म्हणजे सेकंदाला सुमारें आठ. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपर्यंतचे ठोके निरनिराळे ऐकूं येतात. त्यापलीकडे ते मिसळून त्यांचा एक सलग सूर होतो. म्हणून बुलेटचा आवाज ताशासारखा मोजून घेतां येतो, आणि तिच्या भक्तांस तो हृदयाच्या ठोक्यासारखा वाटतो. याउलट १९८५ मध्यें आलेली यामाहा आर-एक्स-शंभर ही गाडी दोन टप्प्यांची. तिच्यांत प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. सहा हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट. त्यामुळें ठोके नाहींतच, एक झणझणीत तान. ती गाडी १९९६ मध्यें बंद झाली, तरी त्या तानेवर जीव टाकणारे लोक तिचे जुने सांगाडे शोधून दुरुस्त करवितात. त्याच १९८५ सालीं हीरो होंडाची सी-डी-शंभर आली. तिला धड ठोका नाहीं, तान नाहीं. थोड्या तेलांत ती दूर जाई आणि मुकाट्यानें जाई. संसारी माणसानें ती डोळे झांकून घेतली. मला वाटतें, आवाज हवा असणारे आणि नको असणारे यांची स्पष्ट फाळणी आपल्याकडे तेव्हां झाली. तोंपर्यंत आवाज हा गाडीबरोबर येणारा गुण किंवा दोष होता. गाडी मुकी असूं शकते हें कळल्यावर आवाज ही निवडीची गोष्ट झाली.

आवाजाची ही किंमत कारखानदारांनींहि ओळखली. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या गाडीचीं दोन नळकांडीं पंचेचाळीस अंशांत जोडलेलीं असल्यामुळें तिचे स्फोट सारख्या अंतरानें न होतां लंगडत होतात, आणि त्यानेंच तिला स्वतःची चाल येते. १९९४ मध्यें त्या कंपनीनें आपल्या गाडीचा आवाज हें आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावें असा अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनीं हरकती घेतल्या, आणि २००० मध्यें तो अर्ज परत घेण्यांत आला. पण आवाज ही एखाद्याच्या मालकीची वस्तु मानावी, येथवर गोष्ट गेली होती. आपल्याकडे २००८ नंतर बुलेटच्या जुन्या बिडाच्या इंजिनाची जागा नव्या इंजिनानें घेतली. तें कमी बिघडे, कमी तेल गाळी, पण जुन्या भक्तांची तक्रार एकच, कीं ठोका गेला.

मोठ्या आवाजाच्या बाजूनें तीन कारणें सांगतात. पहिलें असें, कीं सायलेन्सर मोकळें केलें म्हणजे गाडीची ताकद वाढते. शर्यतीच्या गाडीचें सारें इंजिनच त्या हिशेबानें जुळविलेलें असतें, तेथें यांत तथ्य आहे. रस्त्यावरच्या गाडीला नुसती पोकळ नळी लावून आवाज वाढतो तितकी ताकद वाढत नाहीं. आणि दोन टप्प्यांच्या गाडींत तर उलटेंच घडतें, कारण तिच्या नळीचा आकार बाहेर निसटणारें ताजें मिश्रण परत आंत ढकलण्यासाठीं मुद्दाम बेतलेला असतो. शिवाय अलीकडच्या गाड्यांत विषारी वायु निर्विष करणारें उपकरण त्या नळींतच बसविलेलें असतें. नळी बदलणारा बहुधा तेंहि काढून टाकतो, आणि शेजाऱ्याच्या कानाबरोबर छातीवरहि भार घालतो.

दुसरें कारण सुरक्षिततेचें. आवाज ऐकून लोक बाजूस होतात, म्हणून चालविणारा वांचतो, असें म्हणतात. हें घुंगुरमाळेचेंच कारण आहे, आणि तें मुळींच खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु घुंगुरमाळ बैलाच्या गळ्यांत, म्हणजे गाडीच्या पुढें असे. सायलेन्सरचें तोंड मागें असतें. कॅलिफोर्नियांत प्राध्यापक हॅरी हर्ट यांनीं मोटार-सायकलींच्या सुमारें नऊशें अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली होती. १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत आढळून आलें कीं धोका बहुतेक वेळां समोरच्या बाजूनें येतो, आणि समोरच्या मोटारवाल्याला मोटार-सायकल दिसलेलीच नसते. तेव्हां दिसण्याचा उपाय आधीं. आवाज मागच्यांना मिळतो, संकट पुढून येतें.

तिसरें कारण आनंदाचें, आणि तेंच खरें आहे. मूठ पिळतांच पायांखालीं गर्जना उठावी, वळून पाहणाऱ्यांच्या माना दिसाव्या, यांत सुख आहे हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. गांवांत ज्याचें नांव कोणी घेत नाहीं, अशा पोराला तर ही गर्जना आपल्या नांवाच्या पुकाऱ्यासारखी वाटते. माझा एक जुना विद्यार्थी, आतां तिशीला आलेला, अशीच गाडी बाळगून आहे. किल्ली क्षणभर बंद करून पुन्हां चालू करावयाची, म्हणजे तेवढ्यांत न जळलेलें तेल तापलेल्या नळींत जाऊन तेथें भडका उडतो आणि बार होतो. ही फटाक्याची विद्याहि त्याला अवगत. मीं त्याला एकदां थांबवून विचारलें, "अरे, हें कशासाठीं?" तो म्हणाला, "गुरुजी, आवाज नसला तर ती बुलेट कसली? कोण आलं, ते लोकांना कळाया नको का?" मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या वडिलांना कोणी विचारलें असतें, तर तेहि हेंच म्हणाले असते.

आतां दुसरा पक्ष. त्याचें म्हणणें केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे. ज्यांना गाडी खरोखर कळते असे पुष्कळ स्वार या आवाजाच्या विरुद्ध असतात. गाडी आपलीं दुखणीं बारीक आवाजांत सांगते. झडपेची टकटक, सैल सांखळीची खरखर, बेअरिंगची घरघर. मोठ्या गर्जनेंत हें सारें बुडून जातें. पल्ल्याच्या प्रवासांत तोच आवाज डोक्यांत घुमत राहून माणूस थकतो आणि चुकतो. आमच्या भागांत आणखी एक गोष्ट आहे. बाजाराला चाललेली जनावरें दचकून दावें तोडतात, आणि एवढ्या मोठ्या बैलाला आवरणारें माणूस कित्येकदां वृद्ध असतें. झोंपेची गोष्ट तर उघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपांतील शाखेनें २०१८ मध्यें सांगितलें कीं रस्त्यावरील वाहनांचा आवाज रात्रीं सरासरी ४५ डेसिबलच्या खालीं असावा. त्याहून अधिक आवाज झोंपेला बाधक होतो. आपल्या सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतहि निवासी भागासाठीं रात्रीची मर्यादा ४५ आणि दिवसाची ५५ डेसिबल अशीच आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रांत ती रात्रीं ४० व दिवसा ५० आहे.

गाडीसाठींहि नियम आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो कीं प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारें सायलेन्सर असलेंच पाहिजे. कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या मोटार-सायकलीचा आवाज साडेसात मीटरवरून मोजतात. ८० सीसीपर्यंतच्या गाडीला ७५, त्यापुढें १७५ सीसीपर्यंत ७७, आणि त्याहून मोठीला ८० डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. आंकडे जवळजवळ दिसतात, पण डेसिबलची मोजणी साधी नसते. दहानें आंकडा वाढला म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट होते. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या निर्णयांत म्हटलें कीं बोलण्याचें स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकावयास लावण्याचा हक्क नव्हे. शांतपणें राहणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें या बाबतींतील गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. महाराष्ट्राच्या कित्येक शहरांत पोलिसांनीं जप्त केलेलीं सायलेन्सरें रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरविला. तें दृश्य पाहून एका पक्षानें टाळ्या पिटल्या. दुसऱ्या पक्षानें नवीं सायलेन्सरें घेतलीं.

आणि आतां विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत स्फोटच नाहीं, मग आवाज कोठून येणार? हा वाद आपोआप मिटेल असें वाटलें होतें. पण मुकी गाडी अंधळ्या माणसाला कळत नाहीं, पाठमोऱ्या पोराला कळत नाहीं, असा अनुभव येऊं लागला. आणि युरोपांत २०१९ च्या जुलैपासून विजेच्या नव्या नमुन्याच्या मोटारींना मंद गतींत असतांना मुद्दाम आवाज करणारें यंत्र बसविणें सक्तीचें झालें. वडिलांची घुंगुरमाळ विज्ञानानें परत आणून गाडीच्या गळ्यांत बांधली म्हणावयाची. मात्र तिच्या दोन उपयोगांपैकीं पहिला तेवढा परत आला, लोकांना सावध करण्याचा. दुसरा, मालकाचें नांव पुकारण्याचा, बुलेटवाल्याकडेच राहिला.

या सर्व इतिहासावरून मला जें दिसतें तें इतकेंच. आवाजाची हौस जुनी आणि त्याचा त्रासहि जुना. बदललें आहे तें दोघांमधलें अंतर. बैलगाडी माणसाच्या पावलाहून फारशी वेगानें चालत नसे, आणि आपल्याच गांवांतून जाई. ऐकणारें घर तिच्या धन्याच्या ओळखीचें होतें. म्हणून माळ कधीं वाजवावी आणि कधीं उतरवावी, हें सांगण्यास फौजदार लागत नसे. फटफटी एका तासांत दहा गांवें ओलांडते. त्या दहा गांवांत कोणत्या खिडकीमागें कोण तळमळत पडलें आहे, हें तिच्या स्वाराला कधींच कळत नाहीं. डेसिबलचा नियम हा त्या गमावलेल्या ओळखीच्या जागीं ठेवलेला मुनीम आहे. तो रुक्ष आहे, दंड मागतो, आणि पुष्कळदां झोंपलेला असतो. पण अनोळखी माणसाच्या वतीनें बोलणारा दुसरा कोणी नाहीं.

मघाच्या माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट अजून संपलेली नाहीं. गेल्या वर्षीं त्याच्या वडिलांवर लातूरला हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि ते घरीं येऊन पडून राहिले. तेव्हांपासून रात्रीं परततांना तो गल्लीच्या तोंडाशींच इंजिन बंद करतो, खालीं उतरतो, आणि ती अवजड गाडी दारापर्यंत ढकलीत नेतो. मीं तें स्वतः पाहिलें आहे. मला माझ्या वडिलांचें गोणपाट आठवलें आणि बरें वाटलें. पण गाडीचें सायलेन्सर त्यानें बदललेलें नाहीं. आमच्या गल्लीपर्यंत येईतों वाटेंत आणखी चार गल्ल्या लागतात, आणि त्यांतून तो गाडीवर बसूनच येतो.

त्या चार गल्ल्यांतहि कोणाचे तरी वडील निजलेले असतात. एवढें त्याला अजून सांगावयाचें राहिलें आहे.